उलट बाजूचा पंचनामा

ज्या घरात सदऱ्याचे तुटलेले बटण ऋतू पालटेपर्यंत खिशातच विश्रांती घेते, ज्या घरात सुईत दोरा ओवण्याचे काम दृष्टी अधू झालेल्या वडीलधाऱ्यांकडे, म्हणजे ज्यांना ते सर्वांत कमी साधते त्यांच्याकडेच, परंपरेने चालत आलेले असते, आणि ज्या घरातील पायमशीनवर भरतकामाचे झाकण घालून त्याच्या शिरावर दूरदर्शन-संचाची कायमची स्थापना झालेली असते, अशा एखाद्या सुशिक्षित मध्यमवर्गीय घरात एके दिवशी अकस्मात कात्री, खडू, मापपट्टी आणि टाचण्या यांचा अंमल सुरू झाला, तर त्याचे कारण मंगलकार्यात अथवा दिवाळीत शोधण्याचे हल्ली प्रयोजन उरलेले नाही. घरातील कोणी तरुण व्यक्ती कॉस्प्ले करणार आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ज्यांच्या कानावरून हे प्रकरण अद्याप गेले नसेल, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. चित्रकथेतील, चित्रपटातील अथवा संगणकावरील खेळातील एखादे पात्र निवडावे, त्याचा पोशाख केसांच्या रंगापासून पादत्राणाच्या बंदापर्यंत स्वहस्ते सिद्ध करावा, आणि तो अंगावर चढवून समानधर्मी मंडळींच्या मेळ्यात एक दिवस मिरवावा, असे या व्यवसायाचे (व्यवसाय म्हणण्यास तसा आधार नाही, कारण यात द्रव्य केवळ जाते) थोडक्यात स्वरूप आहे. आपल्याकडील बहुरूपीही सोंग आणतो. परंतु त्याचे सोंग पोटासाठी असते, आणि आपण आणलेला फौजदार लोकांना घटकाभर खरा वाटावा हा त्याचा हेतू असतो. कॉस्प्ले करणाऱ्यास आपण खरे वाटावे अशी मुळीच इच्छा नसते. आपण कोणाचे सोंग आणले आहे ते पाहणाऱ्याने दुरून आणि बिनचूक ओळखावे, आणि जवळ आल्यावर शिवणीकडे पाहून त्याची वाचा बसावी, इतकीच त्याची माफक अपेक्षा असते.

हा प्रकार मूळचा जपानचा, अशी सार्वत्रिक समजूत आहे, आणि नागोया शहरात 2003 पासून त्याची जागतिक परिषद भरू लागली इथवर त्या देशाने त्याला वैभव आणले असल्यामुळे ती क्षम्यही आहे. परंतु दप्तर चाळले असता त्याहून जुनी नोंद न्यूयॉर्कची निघते. 1939 च्या जुलैत तेथे विज्ञानकथेच्या रसिकांचे पहिले जागतिक संमेलन भरले, आणि त्यास लॉस एंजेलिसहून आलेले फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातील माणसांचा वेष करून हजर झाले. फ्रँक पॉल या चित्रकाराची मासिकांतील चित्रे आणि 1936 साली निघालेला ‘थिंग्ज टु कम’ हा चित्रपट यांवरून ते पोशाख बेतले होते. बेतले आणि शिवले ते मर्टलबाईंनी. कीर्ती मात्र पुढे कित्येक वर्षे ॲकरमनसाहेबांच्या खांद्यावरील झग्यास लाभली. अलीकडे जाणकारांनी या नोंदीत दुरुस्ती करून बाईंचे नाव वर घेतले आहे. तथापि पोशाख एकाने शिवावा आणि टाळ्या दुसऱ्याने घ्याव्यात हा शिरस्ता या कलेच्या पहिल्याच दिवशी पडला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण आमच्या घरी तिची पुनरावृत्ती होता होता राहिली.

आमच्या घरी हा योग भाचीमुळे आला. ती शिक्षणासाठी दादरला आमच्याकडे राहते, संख्याशास्त्र शिकते, आणि सुई या पदार्थाशी तिचा पूर्वपरिचय इंजेक्शनापुरता होता. तिने निवडलेले पात्र ‘किमेत्सु नो याइबा’ या जपानी चित्रकथेतील तांजिरो कामादो. कोयोहारु गोतोगे यांची ही कथा 2016 ते 2020 या काळात एका साप्ताहिकातून क्रमशः आली आणि इकडील मुलांस ती ‘डीमन स्लेअर’ या नावाने मुखोद्गत आहे. तांजिरो हा डोंगरावर राहणारा, कोळसे विकणारा गरीब मुलगा. राक्षसाने त्याच्या कुटुंबाचा संहार केला, वाचलेली एक बहीण स्वतः राक्षसी झाली, आणि तिला पुन्हा माणसात आणण्यासाठी हा भाऊ तिला पेटीत घालून पाठीवर वाहत राक्षसांचे निर्दालन करीत हिंडतो. हा सारांश आमच्या मातुःश्रींपुढे ठेवला तेव्हा त्यांनी “भाऊ गुणाचा आहे” एवढाच अभिप्राय देऊन प्रकरण मंजूर केले.

या गुणी भावाचा पोशाख म्हणजे आत काळा गणवेश आणि वर ‘हाओरी’, म्हणजे जपानी पद्धतीचा, पुढून उघडा, रुंद बाह्यांचा आखूड अंगरखा. हा अंगरखा हिरव्या आणि काळ्या चौकटींचा असतो, आणि येथूनच आमच्या संकटांस प्रारंभ झाला.

कापडासाठी प्रथम हिंदमाता आणि तेथे मन न भरल्याने मंगळदास मार्केट अशी आमची स्वारी निघाली. काळ्या रंगाबद्दल मतभेद होण्याचे कारण नव्हते. परंतु हिरवा! मूळ कथा साप्ताहिकात बहुतेक काळ्या शाईतच छापली गेली; रंग दिसतो तो मुखपृष्ठांवर आणि 2019 पासून निघालेल्या चलच्चित्रमालिकेत, आणि त्या मालिकेतही दिवसाचा हिरवा वेगळा, रात्रीचा वेगळा, आगीच्या उजेडातला तर तिसराच. दुकानदाराने पोपटी, मेंदी, शेवाळी, पाचूचा, बाटलीचा, असे तागे एकावर एक उलगडले. भाची प्रत्येकाजवळ आपला मोबाइल धरून कधी दुकानातील दिव्याखाली, तर कधी रस्त्यावरील उन्हात त्यांची ओळखपरेड घेत राहिली. अखेर त्या सहनशील गृहस्थाने मागील फळीवरून एक तागा काढून विजयी मुद्रेने आमच्यापुढे टाकला. त्यावर हिरव्या-काळ्या चौकटी छापूनच आलेल्या होत्या. गजावर मोजून घ्यायच्या, दोन शिवणी मारायच्या आणि मोकळे व्हायचे. भाचीने त्या ताग्याकडे ज्या नजरेने पाहिले ती माझ्या परिचयाची होती. बनावट शिक्क्याचा दाखला टेबलावर आला म्हणजे आमच्या कचेरीतील मामलेदारसाहेब नेमके तसेच पाहत.

छापील चौकट ही दुरून अस्सल दिसते, किंबहुना अस्सलाहून अधिक नेटकी दिसते, आणि स्वस्तही पडते. तरीही, किंवा म्हणूनच, या पंथात ती वर्ज्य मानणारा एक कर्मठ संप्रदाय आहे आणि भाचीने त्याची दीक्षा घेतलेली होती. प्रत्येक चौकट वेगळी कापायची आणि शेजारच्या चौकटीस जोडायची, हा तिचा संकल्प. कापड सुती घ्यायचे, कारण कृत्रिम धाग्याचे कापड इस्त्रीची घडी मानत नाही आणि मशीनच्या पायाखालून निसटते, इतके ज्ञान तिने आधीच संपादन केले होते.

सल्ल्यासाठी आम्ही वस्तीतील एका अनुभवी शिंप्याकडे गेलो. त्याने गळ्यातील टेप हातात घेऊन “माप कोणाचं?” असे विचारले, तेव्हा भाचीने चित्र पुढे केले. त्याने चष्मा कपाळावर सारून ते बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाला, “याला खांदा कुठंय, ताई?” प्रश्न वरवर पाहता अरसिक, परंतु अंतर्यामी फार खोल होता. चित्रातील माणसास खांद्याची शिवण नसते, बगल नसते, आणि पुष्कळदा कपड्यात शिरण्यास वाटही नसते. बटण, हूक, चेन यांपैकी काहीही न दाखवता चित्रकार त्याला गळ्यापर्यंत घट्ट कपड्यात कोंडून ठेवतो, आणि तो आत कसा गेला हे विचारणारा त्याला कोणी भेटत नाही. शिवाय चित्रातील वस्त्र सदैव वाऱ्यावर असते, बंद तळघरातदेखील. ही असंभाव्य गोष्ट दादरच्या दमट हवेत साधण्यासाठी कॉस्प्लेवाले घेरात बकरम घालतात, क्वचित बारीक तारही घालतात. शिंप्याने हे सर्व ऐकून घेतले, शाळेच्या गणवेशांचा हंगाम चालू असल्याचे निवेदन केले, आणि आम्हांस चहा पाजून निरोप दिला.

तेव्हा दूरदर्शन-संच भिंतीवर गेला आणि पायमशीनचे झाकण निघाले. तेल घातल्यावर त्याने प्रथम जो ध्वनी काढला तो निषेधाचा होता. पुढे ते रुळले.

जपानी वस्त्राची रचना मात्र त्या शिंप्याच्या शंकेस परस्पर उत्तर देणारी निघाली. किमोनोचे कापड सुमारे 36 सेंटिमीटर पन्ह्याचे आणि 12 मीटर लांबीचे विणतात आणि त्याचे सरळ आयत कापून ते सरळच जोडतात. आपल्या अंगरख्याची बगल, कळ्या, गोल गळा यांपैकी कशाचाही तेथे उपद्रव नाही. इतकेच नव्हे, तर जुन्या पद्धतीत असा पोशाख नीट धुवायचा म्हणजे तो संपूर्ण उसवत, तुकडे धुऊन ताणून वाळवत, आणि पुन्हा शिवत. त्यासाठीच शिवण साध्या धावदोऱ्याची ठेवीत, म्हणजे उसवताना कापड दुखावत नाही. ही माहिती भाचीने मोठ्या आदराने वाचून दाखवली. मातुःश्रींनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “हा नियम धुणारणीनं केलेला दिसत नाही.”

आता चौकटींचे गणित. शिवून झाल्यावर चौकट चार इंचांची दिसायची, तर चारी बाजूंनी अर्ध्या इंचाची माया धरून ती पाच इंचांची कापावी लागते. येथवर कोणासही समजेल. परंतु कापताना वा शिवताना प्रत्येक चौकटीत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, इकडेतिकडे झाला, तर दहा चौकटींच्या ओळीत सव्वा इंचाची तफावत येते, आणि खालच्या ओळीचा कोपरा वरच्या ओळीच्या कोपऱ्यास भेटण्याऐवजी त्याच्या शेजारच्या घरी जातो. जमाखर्चात एक पै जुळेना म्हणून कचेरीतील अव्वल कारकून दिवे लागेपर्यंत बसलेले मी पाहिले आहेत. पण पैचा शोध लागला की ती खोडून लिहिता येते. येथे ती उसवावी लागते. संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीस चुकांचे संचयन हा धडा ग्रंथातून ठाऊक होता. तो तिला कापडावर भेटला तेव्हा तिची मुद्रा ओळखीच्या माणसाने अनोळखी ठिकाणी उसने पैसे मागावेत अशी झाली. रात्री घरात दोनच आवाज ऐकू येत, मशीनचा आणि उसवण्याचा. आणि दुसऱ्याचे प्रमाण पहिल्यास हळूहळू ओलांडून गेले.

हे सर्व मातुःश्री कोपऱ्यातील खुर्चीवरून पाहत होत्या. न विचारता सल्ला देणे हा वार्धक्याचा हक्क त्यांनी आश्चर्यकारक संयमाने राखून ठेवला होता. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी अंगुस्तान शोधून बोटात चढवले आणि विचारले, “अगं, पण एकेक चौकोन कापत्येस कशाला?” नंतर त्यांनी जे करून दाखवले त्याची नोंद तपशिलाने करणे मला अगत्याचे वाटते. प्रथम हिरव्या आणि काळ्या कापडाच्या पाच इंच रुंदीच्या लांबच लांब पट्ट्या फाडल्या. कापल्या नव्हे, फाडल्या, कारण सुती कापड फाडले म्हणजे ते आपल्या धाग्याशी इमान राखून सरळच जाते. एक हिरवी, एक काळी अशा त्या पट्ट्या लांबीत जोडल्या. सगळ्या शिवणींची माया काळ्या बाजूस वळवून इस्त्री फिरवली. मग त्या पट्टेरी कापडाचे आडवे, पुन्हा पाच-पाच इंचांचे, काप घेतले. आणि पाहतो तो प्रत्येक काप म्हणजे आपोआप जोडलेल्या चौकटींची एक ओळ! त्यांतील दर दुसरी ओळ उलटी फिरवली की हिरव्याखाली काळा येतो. माया सर्वत्र काळ्याकडे असल्यामुळे दोन ओळी एकमेकींवर ठेवताच एकीची माया डावीकडे तर दुसरीची उजवीकडे पडते, शिवणी बोटांखाली एकमेकींत बसतात, आणि कोपरे टाचणीवाचून जुळतात. जे काम चौकटीगणिक चालले असते ते ओळीगणिक चालू लागले. भाची अवाक होऊन म्हणाली, “आजी, हा अल्गोरिदम आहे!”

“असेल बाई,” मातुःश्री म्हणाल्या. “आम्ही दुपटी शिवायचो तेव्हा ह्याला आळस म्हणायचे.”

त्यानंतर या कामाची मुखत्यारी कोणाकडे राहावी यासंबंधी आजी आणि नात यांच्यात जो सूक्ष्म संघर्ष झाला तो येथे विस्ताराने देत नाही. मेळ्यात पोशाखांची स्पर्धा असते, आणि तिचा दंडक असा की, पोशाख स्पर्धकानेच केलेला असला पाहिजे. म्हणून आजींना फक्त तोंडाने सांगण्याची परवानगी होती. परंतु ज्या हातांनी आयुष्यभर टाके घातले त्यांना तोंडाच्या भरवशावर स्वस्थ बसवणे अवघड असते, आणि नात महाविद्यालयात गेली असता एखादी ओळ गुपचूप पूर्ण झालेली आढळे. ती ओळ भाची संध्याकाळी ओळखीत असे, कारण तिच्यातील टाके सरळ असत. ती ओळ उसवून ती स्वतः पुन्हा शिवी. मर्टलबाईंवर झालेला अन्याय आमच्या घरी उलट दिशेने घडू नये म्हणून एका विशीतील मुलीने दाखवलेली ही सचोटी मला कचेरीतील कित्येक जाहीर सत्कारांहून अधिक मोलाची वाटली, आणि मातुःश्रींना तितकीच असह्य.

या सर्व काळात माझा हुद्दा पुतळ्याचा होता. भाचीची आणि माझी उंची सारखी, इतकीच माझी अर्हता. मांजरपाटाचा कच्चा नमुना माझ्या अंगावर चढवून, तोंडात टाचण्या धरून, “मामा, श्वास सोड, नाही, सगळा नको,” अशा आज्ञा होत असत. शेजारच्या गृहस्थांनी दारातून हे दृश्य एकदा पाहिले. त्यानंतर ते माझ्याशी अधिक मृदूपणाने बोलतात.

आता अस्तराचा प्रश्न. अस्तर लावले की आतील सर्व शिवणी, गाठी आणि दुरुस्त्या पडद्याआड जातात, आणि कोणीही शहाणा माणूस याच कारणासाठी अस्तर लावतो. भाचीने ते नाकारले. या मेळ्यांतील कारागिरीच्या स्पर्धेत परीक्षक पोशाख समोरून पाहून समाधान मानत नाहीत. स्पर्धकास जवळ बोलावतात, काठ उलटतात, कडा बोटांनी चाचपतात, काय स्वतः केले आणि काय विकत आणले याची जबानी घेतात, आणि कामाच्या टप्प्याटप्प्यांची छायाचित्रे पुराव्यादाखल मागतात. अशा पंचनाम्यात अस्तर म्हणजे पुरावा दडपणे, असे तिचे मत पडले. म्हणून अंगरखा बिनअस्तराचा राहिला आणि आतील प्रत्येक कड हाताने टाके घालून बंद करण्यात आली. जी बाजू अंगावर घातल्यावर कोणासही दिसणार नाही तिच्यावर दर्शनी बाजूहून अधिक वेळ गेला. मला हा उफराटा व्यवहार वाटला. मातुःश्रींना मात्र त्यात काहीच नवल वाटले नाही. हातमागाची अस्सल पैठणी घेताना काठ उलटून पाहतात, आणि तो दोन्हीकडून सारखाच दिसला तरच पुढे किमतीचे बोलतात, हे त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या. या परीक्षणपद्धतीबद्दल त्यांच्या मनात त्या दिवसापासून आदर उत्पन्न झाला.

या चौकटींचा पूर्वेतिहासही असाच ओळखीचा निघाला. अठराव्या शतकात सानोगावा इचिमात्सु नावाचा एक काबुकी नट रंगभूमीवर निळ्या-पांढऱ्या चौकटींचे वस्त्र नेसून आला, आणि एदो शहरातील, म्हणजे आजच्या तोक्योतील, प्रेक्षकांस तो नमुना इतका आवडला की लोकांनी त्याचे कपडे केले आणि नमुन्यास त्याचेच नाव पडले. आमच्या पूर्वजांस हे समजावून देण्याची गरज पडली नसती. बालगंधर्वांनी रंगभूमीवर जी वस्त्रे नेसली आणि जी फुले माळली त्यांचे अनुकरण घरोघरच्या गृहिणींनी केले, आणि त्या भरजरी हौसेपायी मंडळीच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला, हे मराठी माणसास ठाऊक आहे. नटाचा पोशाख अंगावर घेण्याची हौस तेव्हाही होती. फक्त तेव्हा तिला स्पर्धा आणि परीक्षक नव्हते. गमतीचा भाग असा की, तांजिरोच्या कथेच्या प्रकाशकांनी 2020 साली या चौकटीच्या नमुन्यावर व्यापारचिन्ह म्हणून हक्क मिळावा असा अर्ज जपान सरकारकडे गुदरला होता. दुसऱ्या काही पात्रांच्या अंगरख्यांचे नमुने मंजूर झाले. चौकटी मात्र सर्वसाधारण नक्षी ठरून अर्ज 2021 मध्ये नामंजूर झाला. हा निकाल ऐकून मला विलक्षण हायसे वाटले. मंजूर झाला असता तर मातुःश्रींच्या दुपट्यांवर कोणत्या कलमाखाली जप्ती आली असती, याचा मी विचार करीत होतो.

केसांचा टोप, कपाळावरील व्रण, कानांतील पत्त्यांएवढी कर्णभूषणे, पाठीवरची पेटी आणि काळ्या पात्याची तलवार यांविषयी फार लिहीत नाही. फोमचे जाड तक्ते गरम हवेच्या यंत्राने वाकवून त्यांपासून वाटेल ते शस्त्र करता येते, आणि त्यासाठी लागणाऱ्या सरसाच्या वासाने घरातील झुरळेदेखील स्थलांतर करतात, इतके सांगितले म्हणजे पुरे.

दिल्लीत 2011 साली सुरू झालेला कॉमिक कॉनचा मेळा पुढे मुंबईसही भरू लागला. तेथे हा पोशाख जायचा होता. जपानातील मोठ्या मेळ्यात घरून वेष करून येण्यास मनाई असते. तेथे पोहोचल्यावर कपडे बदलावेत असा सभ्य दंडक आहे. आमच्या भाचीला हा दंडक माहीत होता, परंतु बदलण्याच्या खोलीपुढील रांगही माहीत होती. सबब राक्षसांचा कर्दनकाळ दादर स्थानकावरून लोकलने निघाला. फोमची तलवार पाहून एका पोलीस शिपायाने हटकले. हातात घेऊन वजन पाहिले, निराश होऊन परत केली. डब्यात एका वृद्ध गृहस्थांनी “कुठल्या नाटकात काम आहे?” असे आस्थेने विचारले. एका कोळिणीने मात्र बाहीचा काठ चिमटीत धरून उलटा केला, आतला टाका पाहिला, आणि “हातानं केलंस? बरं केलंस,” असे म्हणून आपली पाटी बाजूला घेतली. भाचीच्या मते हे त्या दिवसाचे सर्वांत कसोशीचे परीक्षण होते.

बक्षीस मिळाले नाही. ते छातीवर दिवे लुकलुकणाऱ्या एका प्रचंड चिलखतधाऱ्यास गेले, आणि त्याची कारागिरी पाहता निकालावर अपील करण्यास जागा नव्हती. त्या मुलाने सर्व दिवे स्वतः जोडले होते आणि दारातून आडवे होऊन जाण्याचा सरावही केला होता. परीक्षकांनी भाचीचा काठ उलटला, बराच वेळ पाहिला, आणि ओळी जोडण्याची रीत कोठे शिकलात असे विचारले. तिने खरे ते सांगितले. पुढच्या खेपेस त्याच कथेतील बहिणीचा गुलाबी किमोनो करण्याचे घाटत आहे, आणि त्याच्या अंगभर तागाच्या पानांची षट्कोनी नक्षी असल्यामुळे आजींनी आतापासूनच कागदाच्या घड्या घालून पाहण्यास सुरुवात केली आहे.

वाचकांस एकच विनंती. आपल्या माळ्यावर जर एखादे जुने पायमशीन पडून असेल, तर ते भंगारवाल्यास वजनावर देण्यापूर्वी घरातील, नपेक्षा शेजारच्या, मुलामुलींना एकदा विचारून पाहावे. आणि देणारच असाल तर त्याचा पट्टा, बॉबिनचा डबा आणि अंगुस्तान सोबत द्यावे, कारण हे तीन जिन्नस मागाहून शोधताना सगळ्या बाजाराची पायपीट करावी लागते.